नव्या ग्राफिक डिझायनरने डिझाइनखेरीज काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने

उपयोजित कलेची पदवी घेऊन किंवा एखादा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा करून कामाच्या शोधात निघालेल्या तरुणांना नोकरीच्या जाहिराती वाचताना दडपण येते ते अपेक्षांच्या यादीचे. पद ग्राफिक डिझायनरचे असते, पण त्याखाली व्हिडिओ संपादन, छायाचित्रण, समाजमाध्यमांसाठी लेखन, संकेतस्थळाची बांधणी आणि जमल्यास ॲनिमेशन असे सगळेच मागितलेले असते. डिझाइन चांगले येणे पुरेसे नाही का, हा प्रश्न मग स्वाभाविकपणे पडतो. माझे उत्तर असे की ते पुरेसे नाही. मात्र जे कमी पडते ते बहुधा त्या यादीत लिहिलेलेच नसते. कल्पना सुचल्यापासून छापील कागद किंवा पडद्यावरचे चित्र वाचकासमोर येईपर्यंत कामाला मजकूर, ग्राहक, छापखाना, कायदा आणि पैशांचा व्यवहार यांतून जावे लागते, आणि यांपैकी कोणत्याही ठिकाणी चांगले डिझाइन बिघडू शकते. ते बिघडू न देण्यासाठी जे लागते ते आधी शिकावे, नवे सॉफ्टवेअर नंतर. पुढील मार्गदर्शन मुख्यतः मराठीत काम करणाऱ्या, एखाद्या लहान एजन्सीत लागलेल्या किंवा स्वतंत्रपणे कामे घेऊ पाहणाऱ्या नवोदितांसाठी आहे.

सुरुवात भाषेपासून करा

निमंत्रणपत्रिका, दुकानाचा फलक किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहणारा सामान्य वाचक रंगसंगतीबद्दल क्वचितच काही बोलतो, पण ‘आशीर्वाद’ या शब्दातली वेलांटी चुकलेली असेल तर ती त्याला तत्काळ दिसते. मजकूर ग्राहकाने दिला होता, त्यामुळे चूक त्याची, हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असले तरी उपयोगाचे नाही. छापलेल्या दोन हजार प्रती त्या युक्तिवादाने दुरुस्त होत नाहीत. म्हणून डिझाइनबाहेरचे पहिले कौशल्य मी मुद्रितशोधन हे मानतो, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत जवळजवळ शिकवले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

त्याची तयारी अवघड नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले, राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले १४ आणि १९७२ मध्ये त्यांत जोडलेले ४ असे लेखनाचे १८ नियम एका बैठकीत वाचून होतात. ते वाचावेत आणि आपल्या कामात वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी टेबलासमोर लावावी: महत्त्व, तत्त्व, उज्ज्वल, तज्ज्ञ, आशीर्वाद, दीपावली, कीर्ती, जीर्णोद्धार, उद्घाटन. शब्दाबद्दल शंका आली की अंदाजाने न लिहिता कोश उघडावा.

मजकूर नेहमी लेखी आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या संकेतपद्धतीत मागावा. फोनवर ऐकून टंकलेले नाव चुकण्याची शक्यता फार असते. जुन्या संस्था आणि छापखाने अजूनही श्री-लिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर पाठवतात. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षराच्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असते, त्यामुळे फॉन्ट बदलताच मजकूर वाचता येत नाही, आणि रूपांतर करून घेतला तरी रफार, अर्धी अक्षरे आणि अवतरणचिन्हे यांत चुका राहतात. असा मजकूर रूपांतरानंतर मूळ प्रतीशी शब्दशः ताडून पाहावा. तपासणी पडद्यावर करू नये. कागदावर प्रत काढून एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून तो पाहावा, आणि त्यानंतर वेगळ्या फेरीत केवळ नावे, पदे, दूरध्वनी क्रमांक, पत्ता, तारीख आणि वार तपासावेत. तारीख व वार जुळतात का, आणि तिथी दिली असेल तर ती त्याच दिवशी आहे का, हे दिनदर्शिका उघडूनच ठरवावे.

भाषेचे ज्ञान फॉन्ट निवडतानाही लागते. नवा देवनागरी फॉन्ट हाती आला की ‘दऱ्याखोऱ्यांतील शाळा, ॲप, ऑगस्ट, कृष्ण, दृष्टी, उद्घाटन, महत्त्व’ अशी एक ओळ टंकून पाहावी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक फॉन्ट तो फरक नीट दाखवतोच असे नाही. ‘ॲ’ हे अक्षर तर अनेक जुन्या फॉन्टमध्ये नसतेच आणि त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी आहेत, आणि राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत हीच मराठी वळणे दिली आहेत. त्यामुळे शासकीय किंवा शालेय कामात हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी लावताना परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरे फुटतात. अक्षरांमधले अंतर रोमनच्या सवयीने वाढवले तर शिरोरेघ तुटते. या गोष्टी मराठी वाचणाऱ्या डिझायनरच्या नजरेला आपोआप खटकायला हव्यात, आणि ती नजर वाचनाच्या सवयीनेच येते.

आपल्याकडच्या थोर कलावंतांकडे पाहिले तर चित्र आणि भाषा यांत त्यांनी कधी भिंत उभारली नव्हती. रा. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात काम करत होते, कविता लिहीत होते, आयआयटी मुंबईत शिकवत होते, आणि विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला मंगल हा फॉन्टही त्यांचाच. गोव्यातून आलेले दीनानाथ दलाल हे चित्रकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि साहित्य निवडून ते सजवण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे पाहिली तर त्या शब्दाचा स्वभाव ओळखल्याशिवाय असे वळण सुचणार नाही, हे लगेच पटते.

ग्राहकाला विचारायचे प्रश्न

संगणक उघडण्याआधी काही गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: हे कोण पाहणार आहे, किती अंतरावरून, कोणत्या प्रकाशात, पाहिल्यावर त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे, किती प्रती लागतील, कधी लागतील, आणि अंतिम मान्यता कोणाची. शेवटचा प्रश्न नवोदित बहुधा विचारत नाहीत, आणि सर्वाधिक वेळ तिथेच वाया जातो. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा फलक करताना अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आणि देणगीदार या प्रत्येकाचे मत असते. छायाचित्रांचा क्रम, आकार आणि नावापुढचे पद हे तिथे मानाचे प्रश्न असतात, आणि ते सौंदर्यदृष्टीने सोडवता येत नाहीत. त्यामुळे नावांची व छायाचित्रांची क्रमवार यादी मंडळाकडून लेखी घ्यावी, आणि बदल सांगणारी व्यक्ती एकच असेल असे आधी ठरवून घ्यावे.

ग्राहक ‘जरा उठावदार करा’ किंवा ‘काहीतरी कमी वाटते’ असे म्हणतो तेव्हा त्याला चित्रभाषा येत नाही म्हणून वैतागण्याचे कारण नाही. नेमके काय दिसत नाही, कोणता मजकूर आधी वाचला जावा असे वाटते, हे शांतपणे विचारले की बहुतेक वेळा किंमत, स्थळ किंवा नाव हवे तेवढे ठळक नाही एवढेच निघते. आपल्या निवडीमागचे कारण त्याच्या कामाच्या भाषेत सांगायला शिकावे. लोक हा फलक रस्त्याच्या पलीकडून वाचणार आहेत म्हणून ओळी कमी ठेवल्या, हे कारण दुकानदाराला लगेच समजते.

छापखान्यात जाऊन शिका

नव्या डिझायनरला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी सांगेन की एखाद्या ऑफसेट छापखान्यात परवानगी घेऊन काही दिवस सलग जाऊन बसावे. प्लेट (ज्यावरून छापले जाते तो पत्रा) कशी तयार होते, निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाया एकावर एक कशा बसतात, छापलेला ताव कटिंग यंत्राखाली कसा जातो आणि घडी कुठे पडते हे प्रत्यक्ष पाहिल्यावर जे कळते ते पडद्यासमोर बसून कळत नाही. अनुभवी यंत्रचालक विचारले तर मनापासून समजावून सांगतात, असा माझा अनुभव आहे.

तिथे पुढील गोष्टी समजून घ्याव्यात. पडद्यावरचा तेजस्वी भगवा चार शायांच्या छपाईत तितका तेजस्वी उतरत नाही. तो हवाच असेल तर स्वतंत्र शाईचा खर्च ग्राहकाला आधी सांगावा लागतो किंवा छपाईचा नमुना दाखवून अपेक्षा स्पष्ट करावी लागते. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा, कारण तो चारही शायांत विभागला गेला तर प्लेट किंचित सरकताच अक्षरांना रंगीत कडा येतात. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी मराठी अक्षरे ठेवली तर शाई आत पसरून मात्रा व अनुस्वार बुजतात, म्हणून तिथे जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा. कडेपर्यंत जाणारा रंग कापणीच्या रेषेबाहेर सर्व बाजूंनी निदान ३ मिलिमीटर वाढवावा. तीन भागांत दुमडलेल्या पत्रकात आत दुमडणारे पान एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवावे, नाहीतर ते फुगून येते.

पुस्तकाच्या कामात हिशेब आणखी महत्त्वाचा ठरतो. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत छापले जाते. १०० पानांचे पुस्तक म्हणजे ६ फॉर्मची ९६ पाने आणि वर उरलेली ४, आणि त्या चार पानांसाठी प्लेट, छपाई व बांधणी यांचा वेगळा खर्च येतो. मांडणीत थोडी काटकसर करून पुस्तक ९६ पानांत बसवता येते का, हे प्रकाशकाने विचारण्यापूर्वी डिझायनरने सुचवले तर त्याच्या शब्दाला वजन येते. मुखपृष्ठाचा कणा अंदाजाने आखू नये. ठरलेल्या कागदाची तेवढ्याच पानांची कोरी डमी बाइंडरकडून मागून घ्यावी आणि ती मोजावी. ७० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरमागे तेवढ्या वजनाचा) साधा मॅपलिथो आणि १३० ग्रॅमचा गुळगुळीत आर्ट पेपर हाताला कसे लागतात, त्यावर तोच रंग कसा वेगळा दिसतो, याचे नमुने स्वतःजवळ जमवावेत.

अनेक लहान छापखाने कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यांच्याकडची आवृत्ती जुनी असू शकते. फाइल कोणत्या आवृत्तीत हवी, पीडीएफ चालेल का, हे आधी विचारावे. अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून पाठवावीत, पण बदल करता येईल अशी मूळ फाइल आपल्याजवळ जपून ठेवावी. फ्लेक्सच्या मोठ्या फलकाला छापील पुस्तकासारखी ३०० डीपीआयची (इंचामागे ठिपक्यांची) गरज नसते, प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० पुरते, कारण तो दुरून पाहिला जातो. क्यूआर कोड वा बारकोड असेल तर प्रत्यक्ष आकारात छापून मोबाइलने तपासल्याशिवाय काम सोडू नये. बारकोडच्या रेषा लाल रंगात कधीही ठेवू नयेत. वाचक यंत्र बहुधा लाल प्रकाश वापरते आणि त्याला त्या रेषा दिसतच नाहीत.

कायद्याची जुजबी ओळख

वकील होण्याची गरज नाही, पण आपण जे आखतो त्याला कोणते नियम लागतात हे ठाऊक असले पाहिजे. समजा, सिंधुदुर्गातील एका बचत गटाने कोकम सरबताच्या बाटलीचे लेबल करायला सांगितले. सुंदर चित्र आणि नाव एवढ्यावर ते लेबल पुरे होत नाही. उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, घटक, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहारी असल्याची हिरव्या वर्तुळाची खूण हे सगळे त्यावर लागते, आणि काही मजकुराच्या अक्षरांची किमान उंचीही नियमांत ठरलेली आहे. हे शेवटी कुठेतरी कोंबायचे म्हटले तर मांडणी मोडते, म्हणून पहिल्या आराखड्यातच त्याला जागा द्यावी. नेमका मजकूर ग्राहकाने संबंधित कार्यालयाकडून किंवा सल्लागाराकडून तपासून घ्यावा, हेही लेखी कळवावे.

महाराष्ट्रातील दुकानांच्या फलकांबाबत २०२२ मधील कायदा दुरुस्तीनुसार देवनागरी लिपीतील मराठी नाव आवश्यक आहे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. बोधचिन्ह इंग्रजीत मोठे आणि मराठी नाव खाली बारीक, असा आराखडा सुंदर दिसला तरी तो ग्राहकाला अडचणीत आणतो.

स्वतःच्या हक्काचेही भान ठेवावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे आखलेल्या बोधचिन्हाचा प्रताधिकार मात्र सर्वसाधारणपणे कलावंताकडे राहतो आणि तो देण्यासाठी स्वाक्षरीसह लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. बोधचिन्ह करून घेणाऱ्याला ते कायमचे हवे असते, त्यामुळे ही बाब स्पष्ट लिहिणे दोघांच्याही हिताचे आहे. दुसऱ्याच्या फॉन्टला व छायाचित्राला हाच न्याय लावावा. मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo) ही त्यांतली परिचित नावे. ते असताना चोरीचे फॉन्ट वापरण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पैशांची बोलणी लेखी करा

कामाची किंमत सांगताना अवघडून जाणे हे बहुतेक नवोदितांच्या बाबतीत घडते. त्यावर उपाय म्हणजे एका पानाचे कोटेशन. त्यात काय देणार, किती पर्याय दाखवणार, बदलांच्या किती फेऱ्या अंतर्भूत आहेत, त्यापुढच्या फेरीला किती आकार पडेल, छपाई, छायाचित्रे व फॉन्टचा परवाना यांचा खर्च कोणाचा, ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल) द्यायची की नाही, आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती, हे साध्या मराठीत लिहावे. निम्मी रक्कम आगाऊ घेऊनच काम सुरू करावे. ओळखीच्या माणसाच्या कामालाही हेच पान द्यावे, कारण मतभेद तिथेच अधिक दुखावणारे असतात.

वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात व गोव्यात सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर बंधनकारक होते. परराज्यातील वा परदेशातील ग्राहक असतील तर एकदा सनदी लेखापालाला विचारावे. कंपन्या देयकातून आयकरापोटी काही रक्कम, व्यावसायिक सेवा असेल तर बहुधा १० टक्के, कापून भरतात. ती आपल्या नावावर जमा झाली का हे पाहावे आणि विवरणपत्र भरून जादा कापलेली रक्कम परत मिळवावी. स्वतंत्र काम करणाऱ्याने ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. देयकाच्या तळाशी ही तरतूद सौम्य शब्दांत नमूद केली तरी हिशेब विभाग त्याची दखल घेतो.

मग जाहिरातीतल्या त्या यादीचे काय?

ती पूर्णपणे दुर्लक्षित करावी असे मी म्हणत नाही. मोबाइलवरच्या पडद्यासाठी काम करणार असाल तर ब्राउझर मजकूर कसा मांडतो एवढे समजण्याइतके एचटीएमएल व सीएसएस (संकेतस्थळाची पाने लिहिण्याच्या व सजवण्याच्या भाषा) जरूर शिकावे, आणि लहान अक्षरांचा व पार्श्वभूमीचा रंगभेद निदान ४.५ ला १ असावा हा सुगमतेचा निकष पाळावा. अक्षरांना हालचाल देणे एखाद्या वर्षानंतर शिकले तरी चालते. छायाचित्रण, व्हिडिओ आणि समाजमाध्यमांचे व्यवस्थापन हे स्वतंत्र व्यवसाय आहेत. त्यांपैकी ज्यात मन रमते तो एकच निवडावा आणि मुलाखतीत उरलेल्यांबाबत स्पष्ट नकार द्यावा. चित्रे तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरणार असाल तर त्यांनी चित्रात उमटवलेली मराठी अक्षरे न तपासता पुढे पाठवू नयेत. शीर्षक स्वतः फॉन्टमध्ये लावावे किंवा हाताने काढावे.

क्रम विचाराल तर पहिल्या काही महिन्यांत मुद्रितशोधन आणि छापखाना, त्याबरोबरच पहिल्या कामापासून लेखी कोटेशन, आणि कायद्याच्या गोष्टी त्या त्या प्रकारचे काम हाती आले की शिकाव्यात. मुलाखतीला जाताना कामांच्या संग्रहात प्रत्येक कामाखाली ते कोणासाठी केले, किती प्रती छापल्या, कोणत्या कागदावर आणि कोणती अडचण कशी सोडवली हे तीन-चार ओळींत लिहावे. शक्य असेल तर एखादी छापील प्रत सोबत न्यावी, म्हणजे समोरच्याला ती उलगडून पाहता येते आणि बोलणे सॉफ्टवेअरच्या यादीवरून प्रत्यक्ष कामाकडे वळते.